टाळीचा सूर कोणता? पुंजयामिकीतल्या अनिश्चिततेबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) म्हणते की इलेक्ट्रॉनचे स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) एकाच वेळी अचूक सांगता येत नाहीत, हे बारावीपासून ऐकत आलो. पण ही अनिश्चितता येते कुठून? उपकरणे कमी पडतात म्हणून, मोजताना इलेक्ट्रॉनला धक्का बसतो म्हणून, की निसर्गच तसा आहे? आणि शंभर वर्षांनी उपकरणे सुधारली तर ती जाईल का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो: जाणार नाही. बाकीच्याला वेळ लागेल, कारण 'अनिश्चितता' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत आणि बरीचशी पाठ्यपुस्तके त्यांची सरमिसळ करतात. मी एम.एस्सी.च्या वर्गाला तीस वर्षे हा विषय शिकवला. त्यातली पहिली सात-आठ वर्षे चुकीचा शिकवला. माझी चूक कोणती ते सांगितले की निम्मे उत्तर होईल.

मी फळ्यावर सूक्ष्मदर्शक काढायचो. खाली एक इलेक्ट्रॉन, वर भिंग, बाजूने येणारा गॅमा किरण. इलेक्ट्रॉन 'दिसायला' हवा तर त्यावर प्रकाश टाकायला हवा. स्थान बारकाईने हवे तर तरंगलांबी कमी हवी. तरंगलांबी कमी म्हणजे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, दणकट. दणकट फोटॉन आदळला की इलेक्ट्रॉन भिरकावला जातो. म्हणून स्थान कळते तेव्हा संवेग बिघडतो. मुले माना डोलवायची, मी पुढच्या धड्याकडे वळायचो. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, म्हणजे धक्का बसण्याआधी इलेक्ट्रॉनकडे दोन्ही नेमके होते ना? फक्त आपल्याला कळले नाही." माझ्या चित्रातून निघणारा सरळ निष्कर्ष तोच होता, आणि तो चूक आहे. मी त्या तासाला काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ती अजून आठवते.

हे चित्र खुद्द हायझेनबर्गचे, म्हणजे अनिश्चिततेचे तत्त्व मांडणाऱ्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाचे. १९२७च्या मार्चमध्ये त्याने कोपनहेगनहून जो निबंध पाठवला त्यात हाच सूक्ष्मदर्शक होता. तिथला त्याचा ज्येष्ठ सहकारी नील्स बोर तेव्हा नॉर्वेत स्कीइंगला गेला होता. परत येऊन त्याने निबंध वाचला आणि चूक दाखवली: नुसता धक्का पुरेसा नाही. धक्का किती बसला हे नेमके कळले असते तर तो हिशेबातून वजा करता आला असता. तो वजा करता येत नाही, कारण भिंगाला रुंदी असते आणि फोटॉन त्या रुंदीतून कुठल्या दिशेने आत आला ते सांगता येत नाही. भिंग लहान केले तर दिशा कळेल, पण मग प्रतिमा अस्पष्ट होईल. म्हणजे खरे काम करतो आहे तो प्रकाशाचा तरंगस्वभाव. यावर दोघांचा इतका वाद झाला की हायझेनबर्गच्या डोळ्यांत पाणी आले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. अखेर निबंध छापताना शेवटी एक पुरवणी जोडून त्याने चूक मान्य केली. गंमत अशी की १९२३मध्ये म्युनिकला डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत परीक्षक वीनने त्याला सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेबद्दलच (किती बारीक तपशील वेगळे दिसतात याबद्दल) विचारले होते आणि ते त्याला सांगता आले नव्हते; कसाबसा उत्तीर्ण झाला. चार वर्षांनी त्याच ठिकाणी पाय घसरला. आणि आम्ही मास्तर मंडळी ते चित्र पुरवणीशिवाय शिकवत राहिलो.

तर धक्का बाजूला ठेवा. तंबोरा घ्या.

ज्यांनी तंबोरा जुळवला आहे त्यांना हे हाताने माहीत असते. जोडीच्या दोन तारा जवळपास जुळल्या की दोन्हींचा मिळून आवाज हळूहळू वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो. एक तार सेकंदाला २०० कंपने करत असेल आणि दुसरी २०१, तर हा चढउतार सेकंदाला एकदा होतो. फरक ओळखायचा तर निदान सेकंदभर थांबून ऐकावेच लागते. फरक दशांश कंपनाचा असेल तर दहा सेकंद. पाव सेकंदात तार दाबून बंद केली तर २०० आणि २०१ यांतला फरक कुणालाच सांगता येणार नाही; कान कितीही तयार असोत. तेवढ्या तुकड्यात तो फरक मावतच नाही.

आता टोकाला जा आणि एक टाळी वाजवा. टाळी क्षणाची असते, म्हणून ती नेमकी कधी वाजली ते छान सांगता येते. तिचा सूर कोणता? काळी एक की पांढरी चार? या प्रश्नाला उत्तर नाही. कानात दोष आहे, यंत्र मिळाले तर कळेल, असे कुणी म्हणणार नाही. टाळीत शेकडो कंप्रता (सेकंदाला किती कंपने ते आकडे) एकत्र भरलेल्या असतात, म्हणून तिला एक सूर नसतो. उलट ज्या तारेला अगदी नेमका सूर आहे ती लांबवर वाजत राहते, म्हणून 'ती नेमकी कोणत्या क्षणी वाजली' हा प्रश्न तिच्या बाबतीत निरर्थक होतो. सुराचा पसारा आणि काळाचा पसारा यांचा गुणाकार एका ठरावीक आकड्याखाली जात नाही. हे फूरियेचे गणित एकोणिसाव्या शतकातले, पुंजयामिकीच्या कितीतरी आधीचे. यात गूढ काहीही नाही.

गूढ पुढच्या पायरीवर आहे. १९२४मध्ये द ब्रॉयने म्हटले की इलेक्ट्रॉनसारख्या कणाबरोबरही तरंग असतो आणि त्याचा संवेग म्हणजे प्लांकचा स्थिरांक (पुंजयामिकीतला एक अतिशय लहान, ठरावीक आकडा) भागिले तरंगलांबी. हे मान्य केले की बाकी सगळे आपोआप येते. संवेग नेमका म्हणजे तरंगलांबी नेमकी, म्हणजे तरंग दूरवर पसरलेला, म्हणजे इलेक्ट्रॉन 'इथे' असे म्हणता येत नाही. इलेक्ट्रॉन एका जागी हवा तर अनेक तरंगलांब्या मिसळून त्यांचा एक छोटा पुंजका करावा लागतो, आणि अनेक तरंगलांब्या म्हणजेच अनेक संवेग. एका जागी बांधलेल्या इलेक्ट्रॉनचा संवेग किती, हा प्रश्न टाळीचा सूर कोणता या जातीचा आहे.

हे हाताने करून बघता येते. प्रयोगशाळेत आम्ही कमी-जास्त करता येणारी फट वापरायचो. घरी दोन दाढीची पाती शेजारी शेजारी चिकटवून चालते. समोरून लेझर सोडा (डोळ्यांत जाऊ देऊ नका, परावर्तित झालेलासुद्धा) आणि दोन मीटरवर भिंतीवरचा ठिपका बघा. फट अरुंद करत गेलात की ठिपका आधी बारीक होतो, आणि मग अचानक आडवा पसरू लागतो. फट जितकी अरुंद तितका पसारा मोठा. फोटॉनला तुम्ही बाजूच्या दिशेत कोंडले, त्याने बाजूच्या संवेगात पसरून दाखवले. हिशेब दोन ओळींचा: दिशेतला पसारा साधारण तरंगलांबी भागिले फटीची रुंदी; त्याला फोटॉनच्या एकूण संवेगाने गुणले की बाजूच्या संवेगाचा पसारा मिळतो; आणि गुणताना तरंगलांबी कापली जाते. उरतो प्लांकचा स्थिरांक भागिले फटीची रुंदी. म्हणजे दोन पसाऱ्यांचा गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाच्या घरातला. प्रकाश लाल घ्या की हिरवा, त्याने फरक पडत नाही. पाती नसतील तर किरणात डोक्याचा एक केस धरा. ७० मायक्रोमीटर जाडीचा केस आणि ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर घेतला तर दोन मीटरवर काळे पट्टे सुमारे १.९ सेंटिमीटर अंतराने पडतात. पट्टीने मोजता येतात.

इथे हुशार विद्यार्थी म्हणतो, फटीच्या कडांनी फोटॉनला ढकलले असेल. मग दुसरी फट उघडा. एक फट उघडी असताना जिथे उजेड होता अशा काही जागा दोन्ही उघडल्यावर काळ्या होतात. जास्त वाटा दिल्यावर तिथे पोचणारे फोटॉन कमी कसे झाले, हे कुठल्याही ढकलाढकलीने सांगता येत नाही. फोटॉन एकमेकांना ढकलतात असेही म्हणता येत नाही. १९०९मध्येच टेलरने केंब्रिजला इतका मंद प्रकाश वापरला की एका छायाचित्राला सुमारे तीन महिने लागले, तरी सुईच्या सावलीभोवतीचे पट्टे तसेच आले. १९८९मध्ये जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एक ठिपका देतो, ठिपके सुरुवातीला वाटेल तसे विखुरलेले दिसतात, आणि हजारो साठले की त्यांतून पट्टे उमटतात. त्याचे चलच्चित्र वर्गात दाखवले की माझे तीन तास वाचायचे.

तर पहिली गोष्ट ही: पसारा. १९२७मध्येच केनार्डने त्याचे नेमके विधान सिद्ध केले. एकाच पद्धतीने तयार केलेले लाखो इलेक्ट्रॉन घ्या. निम्म्यांचे फक्त स्थान मोजा, उरलेल्या निम्म्यांचा फक्त संवेग. पहिल्या गटातल्या उत्तरांचे प्रमाण विचलन (पसारा मोजायचा नेहमीचा आकडा) आणि दुसऱ्या गटातल्या उत्तरांचे प्रमाण विचलन यांचा गुणाकार प्लांकचा स्थिरांक भागिले ४π यापेक्षा कमी होणार नाही. नीट बघा: एकाही इलेक्ट्रॉनवर दोन मापने झालेली नाहीत. धक्का बसून दुसरे मापन बिघडले, असे म्हणायला जागाच नाही. उपकरणे वाटेल तितकी अचूक धरलेली आहेत. तरीही मर्यादा तिथेच. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी द्यायला हवे होते ते उत्तर हे.

दुसरी गोष्ट ढवळाढवळ: एक मोजताना दुसरे किती बिघडते. ही खरी आहे, पण वेगळी आहे. २००३मध्ये ओझावाने दाखवले की मापनातली चूक आणि त्यामुळे होणारा बिघाड यांचा गुणाकार हायझेनबर्गच्या मर्यादेपेक्षा कमीही असू शकतो, आणि त्यासाठी नवे, लांबट सूत्र दिले. २०१२मध्ये व्हिएन्नात न्यूट्रॉनवर आणि टोरांटोत फोटॉनवर प्रयोग झाले. निकाल ओझावाच्या बाजूने आले. वर्तमानपत्रांत 'हायझेनबर्ग चुकला' असे मथळे आले आणि मला आठवडाभर फोन. केनार्डच्या विधानाला मात्र त्यात धक्काही लागलेला नव्हता. पुढच्याच वर्षी बुश, लाहटी आणि वेर्नर यांनी 'चूक' या शब्दाची व्याख्या वेगळी केली की जुन्याच घाटाचे सूत्र परत मिळते, असे दाखवले. वाद बराचसा व्याख्येचा आहे. माझा कल विचाराल तर बुश आणि मंडळींकडे, पण ते राहू द्या.

आपला मराठी शब्दही इथे थोडी फसवणूक करतो. 'पाऊस येईल की नाही याची अनिश्चितता आहे' म्हणतो तेव्हा अनिश्चितता आपल्या मनात असते. हायझेनबर्गच्या निबंधात दोन जर्मन शब्द येतात: उंगेनाउइगकाइट, म्हणजे अचूकपणाचा अभाव, आणि उनबेश्टिम्टहाइट, म्हणजे ठरलेले नसणे. दुसरा जास्त बरोबर. 'अनियतता' हा शब्द मराठीत रुळला असता तर बरे झाले असते. आता उशीर झाला.

तरंग हे पूर्ण कारण आहे का? तीस वर्षांपूर्वी हो म्हणालो असतो. आता म्हणेन, तरंग ही स्थान आणि संवेग या जोडीपुरती सोय आहे. श्टर्न आणि गेर्लाख यांनी १९२२मध्ये फ्रँकफुर्टला चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून पाठवला. झोताचे दोनच तुकडे झाले, वर आणि खाली. वरचा तुकडा घेऊन पुन्हा तशाच चुंबकातून पाठवला तर सगळे अणू वरच जातात, त्यांचे उभे उत्तर ठरलेले आहे. मधे एक आडवा चुंबक घातला तर निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे. आता डावीकडचे घेऊन पुन्हा उभा प्रश्न विचारा: निम्मे वर, निम्मे खाली! आधीचे ठरलेले उत्तर पुसले गेले. इथे अवकाशात पसरलेल्या तरंगाची गरजच पडली नाही. गरज पडते ती एवढीच की प्रश्नांचा क्रम बदलला तर उत्तर बदलते.

स्वस्तात बघायचे तर पोलरॉइडचे, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या गाळणीचे, तीन तुकडे घ्या. दोन एकमेकांशी काटकोनात धरले की अंधार. आता त्या दोघांच्या मधे तिसरा ४५ अंशांत तिरका सरकवा. प्रकाश येतो! पहिल्यातून बाहेर पडलेल्या प्रकाशाचा एक चतुर्थांश पार होतो. गाळणी वाढवल्यावर जास्त पार होते, असे फक्त इथेच बघितले आहे. तोच तिसरा तुकडा मधे न ठेवता मागे ठेवला तर अंधार कायम. क्रमाला किंमत आहे.

गणितात हीच गोष्ट एका ओळीत बसते: स्थान गुणिले संवेग आणि संवेग गुणिले स्थान ही दोन सारखी नाहीत, त्यांची वजाबाकी शून्य येत नाही. १९२५च्या उन्हाळ्यात हायझेनबर्गला पराग ज्वराने इतके छळले होते की तो हेलगोलांड बेटावर जाऊन राहिला. तिथे त्याला असे गुणाकार सुचले, आणि बोर्न व योर्डान यांनी त्यांना नीट रूप दिले. ग्योटिंगेनला बोर्नच्या थडग्यावर ते समीकरण कोरलेले आहे. १९२९मध्ये रॉबर्टसनने दाखवले की ज्या दोन राशींचा गुणाकार क्रमाने बदलतो त्या प्रत्येक जोडीला अनिश्चिततेचे संबंध लागू होतात. म्हणून 'कारण काय' याचे माझे आजचे उत्तर: राशी म्हणजे आकडे नव्हेत, त्या प्रश्न आहेत, आणि काही प्रश्नांना एकाच वेळी ठरलेले उत्तर असेल अशी अवस्थाच निसर्गात नाही. निसर्गाचे व्याकरण असे का, याच्या खाली मला जाता आलेले नाही.

प्रमाण किती, तेही बघू. इलेक्ट्रॉनला अणूएवढ्या जागेत, म्हणजे मीटरच्या एक हजार कोटीव्या भागात कोंडा. वेगाचा पसारा किमान सेकंदाला ५८० किलोमीटर येतो. आता १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू घ्या आणि त्याचे स्थान एक मायक्रोमीटरपर्यंत पक्के करा. वेगाचा पसारा इतका लहान की विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत, १३.८ अब्ज वर्षे, चेंडू तसाच ठेवला असता तर त्या पसाऱ्यापोटी तो जेमतेम एका अणूच्या रुंदीएवढा सरकला असता. चेंडू स्विंग का झाला याचे कारण इथे शोधू नका.

पण ही अनिश्चितता नुसती आपल्याला अडवत नाही, ती घर धरून ठेवते. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन प्रोटॉनकडे खेचला जातो, मग त्यावर कोसळत का नाही? कारण लहान जागेत कोंडले की संवेगाचा पसारा वाढतो आणि गतिज ऊर्जा वाढते. जागा निम्मी केली तर चौपट. खेचण्यातून मिळणारी ऊर्जा मात्र जागा निम्मी केल्यावर दुप्पटच होते. एका मर्यादेपुढे कोसळणे परवडत नाही. दोन्हींची बेरीज किमान कुठे होते ते काढले की त्रिज्या ०.०५३ नॅनोमीटर आणि ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते, प्रयोगात मिळते तीच. (वर्गात या ठिकाणी टाळ्या पडतात, म्हणून कबुली देतो: संवेग किती धरायचा यात दोनच्या पटीची मोकळीक असते आणि आम्ही उत्तर बरोबर येईल अशी किंमत धरतो. घाट खरा, आकड्याचा नेमकेपणा हातचलाखी.)

हेलियम तर आणखी हट्टी. कामरलिंग ओन्नेसने १९०८मध्ये तो द्रवरूप केला, मग तापमान खाली खाली नेले, पण गोठेना. नेहमीच्या दाबाला हेलियम निरपेक्ष शून्याजवळही द्रवच राहतो; गोठवायला सुमारे २५ वातावरणांचा दाब लागतो. अणू हलका, आपसातले आकर्षण क्षीण. त्याला जागेवर बसवायला गेले की त्याची पुंजयामिकीय चुळबुळच आकर्षणावर मात करते. उष्णता काढून घेऊन ही चुळबुळ थांबत नाही, कारण ती उष्णतेची नाहीच.

ऊर्जा आणि काळ या जोडीबद्दल थोडक्यात, कारण ती वेगळ्या जातीची आहे. काळ ही इलेक्ट्रॉनची मोजायची राशी नाही, ते घड्याळ आहे. मांडेलश्टाम आणि टाम यांनी १९४५मध्ये तिचा स्वच्छ अर्थ लावला: अवस्था जितकी झपाट्याने बदलते तितका तिच्या ऊर्जेचा पसारा मोठा. रस्त्यांवर पूर्वी असायच्या त्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यांत उत्तेजित अणू सुमारे १६ नॅनोसेकंद टिकतो. प्रकाशाची कंप्रता सेकंदाला ५०९ लाख कोटी, आणि एवढ्या अल्प आयुष्यामुळे तिच्यात सुमारे एक कोटीचा पसारा येतोच. पुन्हा टाळी! 'कण ऊर्जा उधार घेतात आणि कुणाला कळायच्या आत फेडतात' हे वाक्य मात्र मी उत्तरपत्रिकेत दिसले की गुण कापायचो. ऊर्जा कुठेही उधार मिळत नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग: नशीब. पसारा आहे हे मान्य. पण हा एक इलेक्ट्रॉन पडद्यावर इथेच का पडला, तिथे का नाही? १९२६मध्ये बोर्नने सांगितले की तरंगाचा वर्ग संभाव्यता देतो. त्यापलीकडे सिद्धान्त गप्प आहे. आइन्स्टाइनला हे पटले नाही, आणि त्याची शंका बाळबोध नव्हती: कदाचित प्रत्येक कणाच्या खिशात उत्तरांची चिठ्ठी असेल आणि आपला सिद्धान्तच अपुरा असेल.

ही शंका तपासता येते, हे १९६४मध्ये बेलने दाखवले. परीक्षेच्या भाषेत सांगतो. दोन विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत तोंडी परीक्षेला बसले आहेत. प्रत्येकाला तीन प्रश्नांपैकी कुठलाही एक विचारायचा, उत्तर हो किंवा नाही. परीक्षक प्रश्न ऐन वेळी, आपल्या मर्जीने निवडतात. अनेक जोड्या तपासल्यावर असे दिसते की दोघांना एकच प्रश्न आला की उत्तरे दर वेळी जुळतात. तुम्ही म्हणाल, आधी ठरवून आले आहेत, दोघांच्या खिशात एकच चिठ्ठी. ठीक. पण तीन प्रश्न आणि उत्तरे दोनच प्रकारची, म्हणजे चिठ्ठीवर किमान दोन उत्तरे सारखी असणारच. मग दोघांना वेगवेगळे प्रश्न आले तरी निदान एक तृतीयांश वेळा उत्तरे जुळायला हवीत. चिठ्ठी कशीही लिहा, याखाली जाता येत नाही. स्वतः लिहून बघा, आठच शक्यता आहेत.

जुळ्या फोटॉनांना ६० अंशांच्या फरकाने ठेवलेल्या तीन पोलरॉइडचे प्रश्न विचारले तर पुंजयामिकी म्हणते, वेगळ्या प्रश्नांना एक चतुर्थांश वेळाच जुळतील. एक चतुर्थांश हे एक तृतीयांशापेक्षा कमी आहे. सगळा वाद या एका फरकावर उभा आहे. प्रत्यक्ष प्रयोगांत कोन थोडे वेगळे निवडतात, पण युक्तिवाद याच धाटणीचा. १९७२मध्ये क्लाउझर आणि फ्रीडमन, १९८२मध्ये आस्पे, आणि मग २०१५मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनांवर जवळपास सगळ्या पळवाटा बुजवून केलेला प्रयोग: दर वेळी निकाल पुंजयामिकीच्या बाजूने. क्लाउझर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना २०२२चे नोबेल याच कामासाठी मिळाले.

यातून काय सिद्ध होते ते जपून सांगायला हवे. खिशातली साधी चिठ्ठी गेली. बोमने १९५२मध्ये मांडलेला सिद्धान्त मात्र अजून उभा आहे: त्यात प्रत्येक कणाला नेमका मार्ग असतो, पण त्यासाठी एका खोलीतला प्रश्न दुसऱ्या खोलीतल्या विद्यार्थ्याला तत्क्षणी जाणवतो असे मानावे लागते, आणि तो मार्ग आपल्याला आधी कळण्याची सोय तिथेही नाही. मी स्वतः एकेका घटनेमागे कारण नाही असे मानून काम करतो. बोमवाला सहकारी तसे मानत नाही, आणि आमची दोघांची आकडेमोड सारखीच येते. जो प्राध्यापक यावर शेवटचा शब्द झाल्याचे सांगतो त्याच्यापासून जरा लांब बसा. जो मन, चैतन्य आणि अनिश्चितता एका वाक्यात आणतो त्याच्यापासून आणखी लांब. वरच्या कुठल्याही प्रयोगात बघणाऱ्या माणसाची गरज पडलेली नाही, पडदा पुरतो.

शेवटी उपकरणांकडे येतो, कारण प्रश्न तिथून सुरू झाला. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगो यंत्रात चार किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा बदल मोजतात. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ असेच यंत्र उभारायला केंद्र सरकारने २०२३मध्ये मंजुरी दिली. या पातळीवर प्रकाशाची स्वतःची अनिश्चितता आडवी येते. प्रकाशाच्या तरंगाला दोन बाजू आहेत, कला (तरंग कुठल्या टप्प्यावर आहे) आणि परमप्रसर (तरंग किती उंच आहे), आणि त्यांचे पसारे स्थान-संवेगासारखेच बांधलेले आहेत. कलेचा पसारा मापन धूसर करतो. परमप्रसराचा पसारा आरशांवर अनियमित दाब देऊन त्यांना हलवतो. २०२०मध्ये लायगोच्या ४० किलोच्या आरशाला प्रकाशाच्या या पुंजयामिकीय चुळबुळीने दिलेला हलकासा धक्का मोजला गेला.

केव्हजने १९८१मध्ये सुचवलेला उपाय असा: कणकेचा गोळा लाटा. एका बाजूने पातळ होईल, दुसऱ्या बाजूने पसरेल, कणीक तेवढीच राहील. कला दाबायची, परमप्रसर फुगू द्यायचा. लायगोत २०१९पासून असा 'पिळलेला' प्रकाश नियमित वापरतात. अडचण एवढीच की मंद कंपनांच्या लहरी पकडताना फुगलेला परमप्रसरच आरसे जास्त हलवतो. म्हणून २०२३पासून तिथे ३०० मीटर लांबीची एक वेगळी पोकळी जोडली आहे. तिचे काम एवढेच: वरच्या कंप्रतांना कला दाबलेली मिळावी आणि खालच्या कंप्रतांना परमप्रसर.